सहीची जागा

चंद्रपूर
२ जुलै २०२४

चि. सरिताबाई हिला, जय भीम.

चार्ज देताना आपलं बोलणं झालं तेवढंच, आणि त्यातलंही निम्मं मला ऐकू आलं नाही. कान गेले आहेत. माझा मुलगा निकेश फोन कानाला लावून देतो, मी 'हो हो' म्हणतो, आणि समोरचा काय म्हणाला ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून पत्र. अडतीस वर्षं कोसमटोल्याच्या शाखा डाकघरात लोकांची पत्रं वाटली. आता मला कुणी लिहितं का ते बघतो.

चार्ज रिपोर्टात मी सगळं लिहून दिलं. तिजोरी, वजनकाटा, तारखेचा शिक्का, दोन खुर्च्या. एक वस्तू तेवढी लिहिली नाही. खिडकीतल्या फळीवर, कॅलेंडरच्या आड, लोणच्याची मोठी काचेची बरणी आहे. तिच्यात झाडाच्या सालीचा उभा तुकडा आहे. तू तो पाहिला असशील आणि म्हाताऱ्यानं कचरा साठवलाय म्हणून सोडून दिला असशील. त्या सालीमागे ती राहते.

ती म्हणजे झाडावरचा मोठा कोळी. तळहाताएवढी, केसाळ, सालीच्याच रंगाची. पुढचे पाय उचलले की आतून हळदीसारखी पिवळी दिसते. सुनेनं, रिनानं, मला स्पष्ट सांगितलं की घरात एक तर ही येईल नाही तर मी राहीन. रिना मुलगी चांगली आहे आणि भाकरी उत्तम करते, म्हणून मी फार ताणलं नाही. रानातला जीव असा ठेवणं कायद्यात बसत नाही हे मलाही कळतं. निवृत्त माणसाला त्यावरून घाबरवू नको.

तिला दहा दिवसांतून एखादं झुरळ किंवा नाकतोडा पुरतो, पण जिवंत. सालीवर पाण्याचा शिंतोडा मारायचा. हात घालायचा नाही. चावली तर माणूस मरत नाही, पण दोन दिवस ताप येतो आणि हातात गोळे येतात.

आता पुढचं नीट वाच. वर्षातून एकदा ती खाणं सोडते आणि जाळ्यावर उलटी पडते, पाय वर. बघणाऱ्याला वाटतं मेली. ती मेलेली नसते, कात टाकत असते. हलवायचं नाही, फुंकायचंसुद्धा नाही, नुसतं थांबायचं. पाय पोटाखाली मुठीसारखे आवळलेले दिसले तर संपली. उलटी पडली तर जिवंत. हे मी पुन्हा लिहितो: उलटी पडली तर जिवंत. कात निघाली की ती पाकिटात घालून त्या दिवसाचा शिक्का मारायचा. टेबलाच्या खालच्या खणात अशी दहा पाकिटं आहेत.

महिन्यातून एकदा तिची खुशाली कळव. माझं दुसरं काही मागणं नाही.

तुझा,
बापूराव खोब्रागडे


कोसमटोला, ता. धानोरा
१९ जुलै २०२४

आदरणीय बापूराव भाऊ, सविनय जय भीम.

तुमचं पत्र वाचलं आणि आधी खुर्ची उचलून दारात नेली. आठ दिवस मी डाकघर दारातून चालवलं. लोकांना वाटलं, नव्या बाईला उजेड जास्त लागतो. लालसूभाऊ, तुमचा डाकवाहक, तेवढा सगळं समजून गालात हसत होता. नवव्या दिवशी तोच नाकतोडा घेऊन आला. मला वाटलं होतं ती झडप वगैरे घालील. सालीचा एक भाग हलल्यासारखा वाटला आणि नाकतोडा नव्हता, एवढंच दिसलं. तेव्हापासून खुर्ची जागेवर आहे, पण पाठ मी खिडकीकडे करत नाही.

चामोर्शीला आईला यातलं काही कळवलेलं नाही. तिला नुसतं 'जंगलातली नोकरी' म्हटलं तरी रडू येतं.

आता एक विचारायचं आहे. तुमची पद्धत मी चालू ठेवली आहे. टपालाच्या दिवशी लोक ओसरीवर बसतात आणि मी नावं मोठ्यानं वाचते. मंगळवारी अकरा पाकिटं होती. झाडू हलामी झालं, अतुल पदा झालं, बाकीची झाली, शेवटचं करिश्मा उसेंडी. मी 'करिश्मा' म्हटलं आणि ओसरीवरची माणसं माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या मागे बघू लागली. मी वळले. ती सालीमागून निघून काचेवर आली होती, आठही पाय पसरून, पोट आमच्या बाजूला. भरदिवसा. ज्या करिश्माचं पाकीट होतं ती मुलगी ते न घेताच उठून गेली, मग तिची आई येऊन घेऊन गेली.

मी विज्ञान शाखेची आहे भाऊ. कोळ्याला आपल्यासारखे कान नसतात, त्याला कंप कळतो, हे मला ठाऊक आहे. पण आधीची दहा नावं मी त्याच आवाजात वाचली होती. लालसूभाऊला विचारलं तर म्हणाला, "भाऊलेच लिहून विचारा." म्हणून लिहिते आहे.

आपली,
सरिता फुलझेले


चंद्रपूर
१ ऑगस्ट २०२४

चि. सरिता, जय भीम.

तुझा प्रश्न टाळावा असं दोन दिवस मनात होतं. पण माझी जागा तू चालवतेस, तुला माहीत असलेलं बरं.

करिश्मा माझी मुलगी, निकेशच्या पाठची. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. निकेश चंद्रपूरला वसतिगृहात होता, म्हणून कोसमटोल्यात आम्ही दोघंच. शाळेमागे बेहड्याचं जुनं झाड आहे, त्याला खांद्याच्या उंचीवर ढोली आहे. त्या ढोलीतून तिनं एक दिवस नखाएवढं पिल्लू पेन्सिलीच्या डबीत घालून आणलं. मी रागावलो. ती म्हणाली, "बाबा, तुमी गावभराची पत्रं सांभाळता, मले एक कोळी सांभाळू द्या ना." मी बरणी धुऊन दिली.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये तिला ताप भरला. नाल्याला पूर होता, गावातून कुणी बाहेर पडू शकत नव्हतं. मलेरिया मेंदूत गेला. पाचव्या दिवशी ती गेली आणि सहाव्या दिवशी पाणी उतरलं. पाचवीत होती.

तिनं नाव ठेवलेलं आणि अजून जिवंत असलेलं असं आता जगात त्या बरणीत आहे तेवढंच. नाव घेतलं की ती बाहेर का येते ते मला विचारू नको. मी अकरा वर्षं ते बघतोय आणि कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो. तू एक कर. लोक नसताना, पाऊस थांबलेला असताना, एकदा साध्या आवाजात नाव घे आणि काय झालं ते कळव. इथं मला ते कळायला दुसरा मार्ग नाही.

बापूराव


कोसमटोला
२७ सप्टेंबर २०२४

आदरणीय भाऊ, जय भीम.

उत्तराला उशीर झाला. मला खात्री करून घ्यायची होती.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. दुपारी, दार लावून, साध्या आवाजात. ती आली. मग मी माझी परीक्षा घेतली. 'कविता', 'अस्मिता', 'करुणा' अशी जवळची नावं त्याच सुरात घेतली. साल हलली नाही. लालसूभाऊच्या बायकोला, बुधरीबाईला, माझ्या आईचं नाव घ्यायला सांगितलं. काही नाही. करिश्मा म्हटलं की दहा मोजायच्या आत ती काचेवर.

पुढचं लिहू की नको असं झालं होतं. मागच्या शुक्रवारच्या टपालात पुन्हा त्या उसेंडी मुलीचं बँकेचं पाकीट होतं. मी ते हातात घेतलं, नाव वाचलं आणि ठरवलं की आज हे मोठ्यानं वाचायचं नाही, लालसूभाऊकडून घरीच पाठवायचं. ओठसुद्धा हलवले नव्हते. मान वर केली तर ती काचेवर होती.

मला भीती वाटली हे कबूल करते. पण विचित्र म्हणजे, आता ती बाहेर आली नाही तर करमत नाही. सकाळी कुलूप काढलं की आधी बरणीकडे बघते. टपालाचा हिशोब नंतर. तुमची मुलगी कशी दिसत होती? इथं डाकघरात तिचा एकही फोटो नाही.

सरिता


कोसमटोला
१८ नोव्हेंबर २०२४
(हे पत्र लिहून झालं, पण टपालात पडलं नाही.)

आदरणीय भाऊ,

१२ तारखेला तिनं कात टाकली. तुम्ही लिहिलं होतं म्हणून वाचली, नाही तर ती उलटी पडलेली बघून मी रडतच तिला झाडाखाली पुरलं असतं. दीड दिवस खुर्ची हलवली नाही, पंखा लावला नाही. नवी होऊन ती सालीमागे गेली. कात पाकिटात घातली, शिक्का मारला. अकरावं पाकीट.

मग मला हौस आली. खणातली दहा पाकिटं काढली आणि कशी कशी मोठी होत गेली ते बघावं म्हणून सगळ्या काती टेबलावर ओळीनं मांडल्या. २०१४ ची माझ्या अंगठ्याएवढी. २०१५ मोठी. २०१६ त्याहून मोठी. २०१७ ची पुन्हा अंगठ्याएवढी. मला वाटलं पाकिटं बदलली असतील. पण शिक्के तुमचे आहेत, तारखा स्वच्छ आहेत. तिथून पुन्हा वाढत २०२० पर्यंत, आणि २०२१ ची पुन्हा लहान. कात टाकून कुणी लहान होत नाही भाऊ. या टेबलावर तीन वेगवेगळे जीव आहेत.

लालसूभाऊ दारात उभा होता. ओळ बघून तो खाली बसला. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाला, उन्हाळ्यात बरणीतली मेली, भाऊ तेव्हा धानोऱ्याला मीटिंगला गेले होते. ते परत यायच्या आत त्यानं दुसरी आणून ठेवली. चार वर्षांनी पुन्हा तसंच. मला इतका राग आला. म्हटलं, एवढ्या वर्षांत त्या माणसाला फसवताना तुला काही वाटलं नाही?

त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहिते. "म्या फसवलो नाई बाई. आमच्या घरी माणूस गेला का आमी नदीवर जाऊन त्याचं नाव घेतो. जो जीव समोर येते, मासोळी रायते का किडा, त्याले त्याच नावानं घरी आणतो. भाऊच्या धर्मात ते नाई, मले मालूम हाये. पण पोरगी तं याच गावची होती. म्या झाडापाशी गेलो, तिचं नाव घेतलो. जी बाहेर आली तिलेच आणलो. दोन्ही बखत एकच बाहेर आली. मंग ती तीच ना, बाई?"

मी त्याला घरी जायला सांगितलं. आमच्या घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत, मी त्या वाचत मोठी झाले. मला हे मान्य नाही. पण सालीमागची जी आहे, ती नावाला येते, हे मी स्वतः पाहिलं आहे. तुम्ही चंद्रपुरात एकाच गोष्टीवर जगताय, आणि ती गोष्ट तशी नाही, हे मला कळलं आहे. आता मी काय करू ते सांगा.


कोसमटोला
२० नोव्हेंबर २०२४

आदरणीय भाऊ, जय भीम.

ती खुशाल आहे. १२ तारखेला कात टाकली, पाकिटावर शिक्का मारून ठेवलं आहे. इकडे थंडी पडली. लालसूभाऊ बरा आहे.

सरिता


चंद्रपूर
२४ डिसेंबर २०२४

चि. सरिता, जय भीम.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. मी उलटून मागेही बघितलं. माणूस थोडं लिहितो ते घाईत असतो म्हणून, नाही तर रागावला असतो म्हणून, नाही तर काही झाकायचं असतं म्हणून. तू घाईत नाहीस, कोसमटोल्यात घाई कसली असते ते मला माहीत आहे. मी काही विचारत नाही.

मागच्या वेळी तू करिश्मा कशी दिसायची ते विचारलंस. सावळी, पुढचा एक दात अर्धा पडलेला. एक फोटो होता शाळेचा, तो निकेशकडे आहे, त्यात तिनं डोळे मिटलेले आहेत. तिच्या वहीचे कागद वाळवीनं नेले.

आता कामाचं. ११ मार्च तिचा वाढदिवस. दरवर्षी मी तिला पत्र लिहितो. पाकिटावर 'कु. करिश्मा बापूराव खोब्रागडे, शाखा डाकघर, कोसमटोला' असं लिहून पेटीत टाकायचो, स्वतःच काढायचो, शिक्का मारायचो आणि बरणीसमोर बसून वाचून दाखवायचो. यंदा ते चंद्रपूरहून येईल, रजिस्टर, पोचपावतीसह. तू वाचून दाखव. पाकीट तिचं आहे, तेव्हा तुझ्या टेबलावर फोडायचं नाही, तिच्यासमोर फोडायचं. आणि वाटप करता आलं नाही तर नियम तुला माहीत आहे. सात दिवस ठेवायचं, मग 'प्राप्तकर्ता मयत' असा शेरा मारून मला परत पाठवायचं. मी तो शेरा अकरा वर्षांत एकदाही मारला नाही. तुला मारावा लागला तर मी रागावणार नाही.

एप्रिलमध्ये माझ्या छातीचं ऑपरेशन ठरलं आहे. त्याआधी ती पावती माझ्या हातात पडावी, एवढीच इच्छा आहे.

बापूराव


कोसमटोला
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय भाऊ, जय भीम.

सगळं ठीक आहे. ती सध्या बाहेर येत नाही, थंडीमुळे असेल. ऑपरेशनची काळजी करू नका. पत्राची वाट बघते.

सरिता


(रजिस्टर, पोचपावतीसह)
चंद्रपूर
५ मार्च २०२५

चि. करिश्मा,

हे पत्र सरिताबाई तुला वाचून दाखवतील. त्यांचा आवाज मोठा आहे असं त्याच म्हणतात. तुझ्या बाबाला आता मोठा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. तू बावीस वर्षांची झालीस. मी पासष्ट ओलांडली.

दरवर्षी तुला गावची खबर लिहायचो. यंदा मी गावात नाही, म्हणून जे कधी लिहिलं नाही ते लिहितो.

तुला ताप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी कोळी बरणीत उलटी पडली होती, पाय वर करून. मला वाटलं मेली. घरात तू तशी पडलेली, त्यात हे मेलेलं कशाला, म्हणून मी ती कागदावर घेऊन चुलीत टाकली. तुला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस आणि बरणी मागितलीस. मी लालसूकाकाला घेऊन पावसात बेहड्यापाशी गेलो. ढोलीत काही दिसेना. लालसूकाका म्हणाला, "भाऊ, पोरीचं नाव घ्या." मी या गोष्टी मानत नाही. त्या दिवशी घेतलं. एक पिल्लू बाहेर आलं.

तू बरणी हातात धरून बघितलीस आणि म्हणालीस, "बाबा, हे थे नाई." मग तू म्हणालीस, "रायू द्या. हिचं नाव माझंच ठेवा, म्हंजे चुकणार नाई." त्यानंतर तू बोललीस असं मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी ती उलटी पडली. मी तिला पुरायला कागद घेऊन बसलो होतो. बसल्या बसल्या ती हलली आणि आपल्याच अंगातून बाहेर आली. तेव्हा मला कळलं की मी चुलीत काय टाकलं होतं. ती जिवंत होती, पोरी. ती कात टाकत होती. त्या दिवशी मी पहिलं पाकीट केलं आणि शिक्का मारला.

लालसूकाकानं तुला त्यानंतर दोनदा बोलावून आणलं. त्याला वाटतं मला कळलं नाही. मी तारखेचा शिक्का मारणारा माणूस, मला लहानमोठं कळत नाही का? तो माझ्यासाठी करत होता, म्हणून मी काही बोललो नाही. यंदा सरिताबाईही काही बोलत नाहीत. बरणी रिकामी असावी असा माझा अंदाज आहे.

तर आता बरणीत येऊ नकोस. पुष्कळ झालं. झाडात राहा. माझ्याकडे गावातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या, मनीऑर्डरवर, पावत्यांवर, अंगठे तर किती. तुझी सही नाही. तू पाचवीत होतीस, सही करायला शिकवायची राहून गेली. या पत्राला पोचपावतीचं पिवळं कार्ड लावलं आहे. त्यावर सहीची जागा आहे. जमलं तर कर.

तुझा,
बाबा


कोसमटोला
१८ मार्च २०२५

आदरणीय भाऊ, जय भीम.

सोबत नोव्हेंबरमधलं माझं न टाकलेलं पत्र जोडलं आहे. ते आधी वाचा आणि मग हे.

मी तुमच्याशी खोटं बोलले. ३ फेब्रुवारीला सकाळी ती बरणीच्या तळाशी होती, उलटी नव्हती, पाय पोटाखाली आवळलेले. तरी मी थांबले. 'नुसतं थांबायचं' असं तुम्ही लिहिलं होतं, तेवढंच धरून नऊ दिवस थांबले. दहाव्या दिवशी मुंग्या लागल्या. लालसूभाऊ म्हणाला, झाडापाशी जाऊन आणतो. मी नाही म्हटलं. मी त्याला 'आता पुन्हा नाही' असं सांगितलं, आणि मग घरात येऊन तुम्हाला 'थंडीमुळे' असं लिहिलं. माझी मलाच लाज वाटली.

तुमचं रजिस्टर ११ तारखेला बरोबर टपालाच्या दिवशी आलं. ओसरीवर मी सगळी नावं वाचली, ते एक वाचलं नाही. सहा दिवस ते पाकीट टेबलावर होतं. 'मयत' हा शब्द लिहायला तीनदा पेन उचललं. परत पाठवलं तर तुम्हाला कळलं असतं. मीच सही केली असती तरीही कळलं असतं. आणि तिच्यासमोर फोडायचं तर ती होती कुठं?

काल सातव्या दिवसाला एक दिवस उरला होता. सकाळी अकराला मी लालसूभाऊला म्हटलं, चल. शाळेला सुट्टी होती, मागे कुणी नव्हतं. त्यानं बरणी धुऊन बरोबर घेतली होती, पिशवीत घालून, मला न दाखवता. मी ढोलीसमोर उभी राहिले आणि ओसरीवर वाचते तसं पूर्ण नाव वाचलं, गावासकट. काही आलं नाही. लालसूभाऊनं त्यांच्या बोलीत हाक मारली. काही आलं नाही. खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. पण वाचायचं कबूल केलं होतं, म्हणून पाकीट तिथंच फोडलं आणि वाचायला लागले.

चुलीची ओळ आली. लालसूभाऊ खाली बसला. त्याचं नाव आलं तेव्हा त्यानं पिशवीतून बरणी काढली आणि झाडाच्या मुळाशी आडवी ठेवून दिली. इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं, हे त्याला ऐकवायचं काम माझ्याकडे आलं. तो नुसता "भाऊले मालूम होतं" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

शेवटची ओळ वाचून मी मान वर केली. ढोलीच्या कडेवर पुढचे दोन पाय होते. मग आणखी दोन. पूर्ण बाहेर आली तेव्हा ती माझ्या तळहाताहून मोठी होती, बरणीतल्या कुणाहूनही मोठी. तिच्या मागे ढोलीच्या काळोखात लहान लहान पाय होते, किती ते मी मोजले नाही. कुणी हललं नाही. मी विज्ञान शाखेची आहे असं पुन्हा लिहिणार नाही. मी तिथं रडत होते आणि मला भीती वाटत नव्हती, एवढंच लिहिते.

लालसूभाऊनं बरणीला हात लावला नाही. मीच म्हटलं, कार्डाचं काय करायचं? त्यानं ते माझ्या हातून घेतलं आणि ढोलीच्या कडेला सालीच्या फटीत खोचलं, सहीची बाजू वर करून. मग आम्ही मागे न बघता घरी आलो.

आज टपालाच्या वेळेआधी मी एकटी गेले. कार्ड होतं तिथंच होतं. नाव, गाव, नंबर सगळं लिहिलं होतं तसंच, स्वच्छ. फक्त सहीच्या जागेवर, त्या आखलेल्या ओळीच्या वर, पांढरं जाळं घातलेलं आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओळीच्या खाली एक धागा उतरलेला नाही. ते मी केलेलं नाही. लालसूभाऊनंही नाही, तो काल दुपारपासून ओसरीवर माझ्यासमोर बसून होता.

रजिस्टरात मी 'वाटप झालं' असा शेरा मारला आणि शिक्का मारला. मयत लिहिलं नाही. बरणी झाडापाशीच राहू दिली आहे. ऑपरेशनच्या आधी कार्ड तुमच्या हातात पडावं म्हणून आजच्याच टपालात टाकते.

पाकिटात घालताना ते माझ्या बोटाला लागलं. जपून काढा भाऊ, अजून चिकट आहे.

तुमची,
सरिता